हेतू आणि वायसर

कराडात हल्ली कुणी कुणाला 'काय चाललंय?' असं विचारत नाही. 'चॅनेल कशावर आहे?' असं विचारतात. आमच्या किराणा दुकानदाराचं मसाल्यांवर आहे. त्याच्या शेजारी केस कापणाऱ्याचं शेअर बाजारावर आहे. खुर्चीत बसलं की तो आधी आपली मान खाली दाबतो आणि मग निफ्टी वर का जाणार ते सांगतो. ज्या गुरुजींनी आम्हाला वर्गात कधी तोंड उघडू दिलं नाही, ते आता 'मुलांना बोलतं कसं करावं' या विषयावर दर गुरुवारी स्वतः बोलतात.

या सगळ्या मंडळींना चार-सहा व्हिडिओ टाकून झाले की एक दुखणं जडतं. माणूस मोबाईल घेऊन गॅलरीत उभा राहतो, आकडा बघतो, मोबाईल खिशात ठेवतो, परत काढतो, परत बघतो, आणि मग समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणतो, "पण आपण हे नेमकं का करतोय?" पूर्वी हा प्रश्न पडायला राजपुत्राला राजवाडा सोडून रात्री अरण्यात जावं लागे. आता त्रेचाळीस व्ह्यूज पुरतात.

दुखणं आलं की वैद्यही येतात. सायमन सिनेक नावाच्या गृहस्थांनी २००९ साली 'आधी का ते ठरवा' अशा आशयाचं एक पुस्तक लिहिलं. त्यांनी ते कंपन्यांच्या पुढाऱ्यांसाठी लिहिलं होतं. आपल्याकडे ते चकलीचा रील करणाऱ्यांपर्यंत पोचलं. आता गल्लोगल्ली लोक एकमेकांना 'तुझा व्हाय काय?' असं विचारतात. हा व्हाय शोधून देणारीही चॅनेलं आहेत. त्यांचा स्वतःचा व्हाय अगदी लख्ख असतो: आधी नव्व्याण्णव रुपयांचा वेबिनार, आणि वेबिनारच्या शेवटी, फक्त आज रात्री बारापर्यंत, चार हजार नऊशे नव्व्याण्णवचा कोर्स.

हेतू आधी असतो आणि मग माणूस कॅमेऱ्यापुढे उभा राहतो, ही मला अफवा वाटते. आधी ट्रायपॉड येतो. तो घरात आला की कुणीतरी त्याच्यापुढे उभं राहणं भाग पडतं, आणि उभं राहिलेल्या माणसाला बायको विचारते की हे काय. त्या क्षणी जे तोंडातून निघतं त्याला हेतू म्हणतात.

आमच्या मामांच्या तोंडून 'समाजाचं ऋण' असं निघालं.

"समाजानं मागितलंय का ते परत?" मामींनी विचारलं.

मामा पाटबंधारे खात्यात होते. शाखा अभियंता म्हणून लागले, उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं कोयनेवर गेली, पुढे धोम, मग कण्हेर. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी. मामांच्या बोलण्याची अजून कुणी मोजलेली नाही, कारण सांडवा कायम सुरू असतो. अशा माणसाला निवृत्तीनंतर ऐकायला घरात एकटी मामी उरली, आणि तिलाही संध्याकाळी सात ते दहा मालिका. चॅनेल निघणं अटळ होतं.

मालिकेचं नाव ठरलं 'जीवन: एक प्रवाह'. हॉलमध्ये टीव्ही, गच्चीवर वारा, आतल्या खोलीत गाद्यांचा ढीग, म्हणून चित्रीकरण स्वयंपाकघरात, ओट्याकडे पाठ करून. नातीनं गोल दिवा लावून दिला, कॉलरला माईक लावला आणि सांगितलं, "आजोबा, पहिल्या तीन सेकंदांत हुक पाहिजे. नाहीतर लोक पुढे जातात."

"तीन सेकंदांत आमचा ॐ सुद्धा पुरा होत नाही," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तो पुरा केला. मग श्लोक झाला. मग आई-वडिलांचं स्मरण, मग ज्यांच्या मार्गदर्शनाखाली सेवेची संधी मिळाली त्या अधीक्षक अभियंत्यांचे आभार. सहाव्या मिनिटाला मामा जीवनापाशी आले तेव्हा प्रवाहात आम्ही नातेवाईक तेवढे उरलो होतो, तेही मामा प्रत्येकाला फोन करून शेवटी कोणतं उदाहरण दिलं ते विचारतात म्हणून.

आता यूट्यूबचा नियम असा आहे की जाहिरातीतला वाटा हवा असेल तर एक हजार सबस्क्रायबर हवेत, आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ चार हजार तास पाहिलेले हवेत. २०१८ पासून ही अट आहे. (किंवा मग छोट्या शॉर्ट्सवर नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. एक कोटी हा आकडा मामांनी फक्त अंदाजपत्रकात पाहिला होता.) चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. मामांनी एक जुनं रजिस्टर काढलं, त्यात रकाने आखले आणि रोज सकाळी सहा वाजता, धरणावर पातळी घ्यायचे तशी, पातळी घ्यायला लागले. आम्ही फोन केला की पहिलं वाक्य प्रकृतीचं नसे. "आज आवक अगदीच कमी आहे रे. पाणलोटात पाऊसच नाही."

पाणलोट म्हणजे आम्ही. मग आम्ही एक उपाय काढला. रात्री झोपताना प्रत्येकानं मामांचा व्हिडिओ लावून, आवाज बंद करून, मोबाईल उशाशी ठेवायचा. कराड, सांगली, पुणे आणि बंगळूरला असलेला मावसभाऊ, अशा चार शहरांत रात्रभर मामा मुक्यानं जीवनावर बोलत राहिले. मामींचा मोबाईलही त्यात होता. "दिवसभर हे, आणि रात्री उशाशीही हेच," मामी म्हणाल्या, "आवाज नाही एवढंच सुख."

इतकं करूनही रजिस्टर भरेना. मामांनाही ते दुखणं जडलं. गॅलरी, मोबाईल, समोरची टाकी. नातीनं त्यांना एक वेबिनार लावून दिला. त्यात एका तरुणानं त्यांना डोळे मिटून, दहा वर्षांनंतरचे तुम्ही कुठे असाल ते बघायला सांगितलं. मामा अडुसष्टचे. त्यांनी डोळे मिटले, दहा वर्षांनंतरचं बघितलं, आणि घाईघाईनं उघडले.

तेव्हा मी त्यांना यूट्यूबचीच जन्मकथा सांगितली. २००५ सालच्या १४ फेब्रुवारीला ते काढणाऱ्या तिघांनी नाव नोंदवलं ते लग्नाळू, निदान प्रेमाळू, मुलामुलींनी आपापले व्हिडिओ टाकावेत म्हणून. पाच दिवस वाट पाहिली, एकही व्हिडिओ आला नाही. मग जाहिरात दिली की मुलींनी व्हिडिओ टाकला तर वीस डॉलर देऊ. तरी कुणी फिरकलं नाही. शेवटी म्हणाले, काय टाकायचं ते टाका. २३ एप्रिलला त्यांच्यातल्याच जावेद करीम यांनी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभं राहून एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. त्यात त्यांचं म्हणणं एवढंच की या हत्तींच्या सोंडा फार म्हणजे फारच लांब असतात, आणि याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी गूगलनं ते सगळं दुकान १६५ कोटी डॉलरला घेतलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तसंच हे. फक्त इथे मारुतीला किंमत चांगली आली.

मला वाटलं, मामा यातून काही बोध घेतील आणि जरा सैल होतील. मामांनी घेतला.

"हेतू नसताना १६५ कोटी डॉलर," ते म्हणाले, "मग हेतू असल्यावर किती!"

दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ अठरा मिनिटांचा झाला.

हे सगळं चालू असताना आमच्या शेजारच्या गावातला एक पोरगा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नाचत होता. त्याला कुणी वेबिनार दिला नव्हता. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉक बंद केलं तेव्हा त्याचे सगळे चाहते, सगळे व्हिडिओ, सगळी प्रसिद्धी गेली. पेपरात त्या दिवसांत 'डिजिटल कलावंतांपुढे अस्तित्वाचा प्रश्न' अशा धर्तीचं बरंच येत होतं. जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स सुरू केले आणि हा पोरगा त्याच ट्रॅक्टरवर, त्याच गाण्यावर, त्याच शर्टात तिकडे नाचायला लागला. अस्तित्वाचा प्रश्न त्याला बहुधा कुणी कळवला नसावा. मी एकदा विचारलं होतं, बाबा रे, हे कशासाठी? तो म्हणाला, "हंगाम संपलावता. ट्रॅक्टर मोकळाच हुता."

हे उत्तर मी मामांना सांगितलं नाही. त्यांनी ट्रॅक्टर घेतला असता.

मामांच्या चॅनेलचं नशीब उघडलं ते 'वैराग्य' या भागामुळे, म्हणजे त्यातल्या वैराग्यामुळे नव्हे. त्या व्हिडिओवर एक कमेंट आली. नात्याबाहेरच्या माणसाची पहिली कमेंट. कुणातरी अनोळखी बाईंनी लिहिलं होतं: 'काका, विचार छान. पण तुमच्या मागचा नळ गळतोय, आधी तो दुरुस्त करा. टप टप ऐकून जीव गेला.'

मामांनी ती कमेंट चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून वाचली. मग तोपर्यंतचे सगळे भाग काढून ऐकले. प्रत्येक भागात, कर्म असो की मोक्ष, मागे तो नळ ठिबकत होता. काही ठिकाणी तर मामा थांबत आणि नळ वाक्य पुरं करत असे. मामी म्हणाल्या, "मी दिवाळीपासून सांगतेय." ज्या माणसानं उभ्या आयुष्यात धरणांचे दरवाजे वेळेवर उघडले आणि वेळेवर मिटले, त्याला जगानं, म्हणजे एका बाईंनी, चारचौघांत सांगितलं की तुमच्याच्यानं घरचा नळ बंद होत नाही.

मामा रागानं उठले. पान्याचा डबा काढला. नातीला म्हणाले, "लाव तुझा तो कॅमेरा. दाखवतो त्यांना."

तो व्हिडिओ मी पुष्कळदा पाहिला आहे. त्यात ॐ नाही, आभार नाहीत, गोल दिवाही नाही. मामा बनियनवर आहेत. पहिलंच वाक्य: "आधी मेन कॉक बंद करा. मेन कॉक कुठं आहे ते माहीत नसेल तर आधी तो शोधा, मग माझ्याकडे या." मग ते नळ उघडून पाईपात उरलेलं पाणी जाऊ देतात. मुठीवरची छोटी टोपी सुरीच्या टोकानं उचकटतात, आतला स्क्रू सोडवून मूठ बाजूला ठेवतात, आणि तो स्क्रू मोरीच्या जाळीतून खाली जाऊ नये म्हणून मामींची वाटी मोरीत पालथी घालतात. पाना लावण्याआधी नळाला जुनं फडकं गुंडाळतात. "चकाकीवर ओरखडे पडले की बायको महिनाभर बोलते, हा खर्च धरा." मग पाना डावीकडे, एक झटका, आणि आख्खा स्पिंडल बाहेर. त्याच्या बुडाशी तो काळा वायसर. मामा तो कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरतात की आधी काहीच दिसत नाही, आणि मग दिसतं: रबराच्या मधोमध नळाच्या तोंडाचा गोल वण पडलेला आहे, आणि वणाच्या एका बाजूला नखाएवढी चीर.

"हा गुन्हेगार," मामा म्हणतात. "किंमत पाच रुपये. नवा टाकताना आटे हातानं जुळवा. हातानं दोन फेरे सरळ बसले तरच पाना लावायचा. पहिल्यापासून पाना लावणारा माणूस आटे घालवतो. आमच्याकडे असे खूप होते, ते पुढे कार्यकारी अभियंता झाले."

शेवटी नळ मिटून ते हातावर हात घेऊन उभे राहतात. कॅमेरा चालू. बराच वेळ काही होत नाही. टप येत नाही. मामा कॅमेऱ्याकडे बघून भुवया उडवतात आणि व्हिडिओ संपतो.

आठवडाभरात रजिस्टरचा रकाना अपुरा पडला. महाराष्ट्रात किती नळ गळतात याचा अंदाज पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवूनही मामांना नव्हता. कमेंटांचा महापूर आला, आणि त्यात एकालाही जीवनाविषयी काही पडलेलं नव्हतं. 'काका, आटे गेलेत, काय करू?' 'काका, फ्लशची टाकी भरली तरी पाणी चालूच राहतं.' 'काका, भाड्याचं घर आहे, मालक करत नाहीत, मी केलं तर चालेल का?' एका मुलीनं अमेरिकेतून, न्यू जर्सीहून लिहिलं की इकडे प्लंबरला बोलवायचं म्हणजे नुसता दारात उभा राहायचे पैसे घेतो, आणि माझ्या नळात वायसर सापडत नाहीये. तिच्या नळात वायसर नव्हताच, आख्खी कार्ट्रिज होती. मामांनी आयुष्यात ती पाहिली नव्हती. त्यांनी तिला उलट निरोप धाडला, 'दोन दिवस द्या, अभ्यास करून कळवतो', आणि रात्री बारापर्यंत अमेरिकन नळांचे नकाशे बघत बसले. मामींनी मला फोन करून विचारलं, "ह्यांना बरं आहे ना? तीन दिवस झाले, वैराग्याचं नाव नाही."

तरी मामा सहजासहजी वाकले नाहीत. 'लोकांची भूक वायसरची आहे, ठीक आहे, पण आपलं कार्य वेगळं,' असं म्हणून त्यांनी एक युक्ती केली. फ्लशच्या टाकीचा व्हिडिओ करताना मधेच, पाणी भरेपर्यंतच्या फावल्या वेळात, पतंजली घातले. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख दाखवतं, कोणत्या सेकंदाला किती लोक टिकून होते त्याचा. नातीनं तो आजोबांपुढे धरला. रेघ सुरुवातीला सरळ चालली होती. चित्तवृत्तींचा निरोध सुरू होताच ती कड्यावरून उडी घ्यावी तशी कोसळली, आणि मामा परत फ्लोटच्या दांडीकडे वळले त्या सेकंदाला पुन्हा वर आली.

"म्हणजे लोक हे पळवून परत येतात?" मामांनी विचारलं.

"हो ना. बघा, किती बरोबर जागेवर येतात."

मामा बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत होते. मग त्यांनी रघुनाथ धोंडो कर्व्यांचा विषय काढला. त्यांच्या मनात कधी हरल्यासारखं वाटलं की ते कर्व्यांकडे जातात. "कर्व्यांनी १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' काढलं. नोकरी गेलेली, पदरचे पैसे, वर्गणीदार बेताचे, वर अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात तर आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. तरी १९५३ ला मरेपर्यंत अंक काढत राहिले. सव्वीस वर्षं! त्यांनी बघितला होता का तुमचा आलेख?"

हे बिनतोड होतं. मला कर्व्यांविषयी फार आदर आहे, आणि आजच्या प्रेरणादायी वक्त्यांना एका बाजूला आणि कर्व्यांना दुसऱ्या बाजूला बसवलं तर वक्त्यांचा झोका आकाशात जाईल याविषयी शंका नाही. पण मी एक आठवण करून दिली. कर्व्यांचं मासिक काही मोक्षावर नव्हतं. त्यात वाचकांचे प्रश्न येत, लाजेनं डॉक्टरला न विचारलेले, नवराबायकोंनी एकमेकांपासून लपवलेले, आणि कर्वे त्यांना आडवळण न घेता उत्तरं देत. १९३४ चा तो खटला झाला तोही अशाच प्रश्नोत्तरांवरून. "म्हणजे मामा, त्यांच्याकडेही अडलेलीच माणसं येत होती."

"म्हणजे तुला म्हणायचंय वायसर आणि संततिनियमन एकच?"

"गळती थांबवण्याचाच प्रश्न आहे."

मामी स्वयंपाकघरातून हसल्याचा आवाज आला. मामा रागावले, पण पुढचा व्हिडिओ फक्त बॉल व्हॉल्व्हवर झाला. पतंजली आला नाही.

यथावकाश अट पूर्ण झाली आणि मामा कमाईला लागले. इथे टक्केवारीचा विषय निघाला. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पंचावन्न टक्के करणाऱ्याला, पंचेचाळीस यूट्यूबला. आम्ही खवळलो, पंचेचाळीस म्हणजे लूट आहे म्हणालो. मामा गप्प होते. ते पाटबंधारे खात्यात होते एवढं सांगून मी पुढे जातो.

कमाई दहा डॉलरला पोचली की गूगल तुमचा पत्ता खरा आहे का ते बघतं, आणि त्यासाठी एक पिन क्रमांक पाठवतं. कशानं? तर टपालानं. कागदावर छापून, पोस्टमनच्या हाती. सगळं जग ज्यांनी ढगात नेऊन ठेवलं त्यांना मामांचा पत्ता पटायला शेवटी सायकलवरचा माणूस लागतो, हे कळल्यावर मामांचा त्या कंपनीवर विश्वास बसला. महिनाभर ते दुपारी झोपले नाहीत, पोस्टमन येऊन दार वाजवेल म्हणून. पाकीट आलं ते बिलासारखं, चिंचोळं. मामींनी ते देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं, आणि त्या कुंकवाखाली पिनचा तिसरा आकडा गेला. तो तीन आहे की आठ यावर घरात दोन तट पडले. तीन निघाला.

पैसे खात्यात यायला शंभर डॉलर व्हावे लागतात. तेही झाले. पण मामांचं खरं समाधान पैशात नव्हतं, हे मला विवरणपत्र भरताना दिसलं. २०२५ साली आयकराच्या फॉर्मांमध्ये सोशल मीडियावर इन्फ्लुएन्सर म्हणून काम करणाऱ्यांसाठी व्यवसायाचा वेगळा संकेतांक आला, १६०२१. तोवर सीए मामांना 'इतर' मध्ये घालत होता. पेन्शनरला 'इतर' म्हटलेलं लागतं. नवा क्रमांक बघितल्यावर मामांचा चेहरा असा उजळला की निवृत्तीच्या समारंभातही मी तसा पाहिला नव्हता.

"लेखाशीर्ष मिळालं," ते म्हणाले.

पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला तुम्ही विचारा की कामाचा हेतू काय, तो अडखळेल. लेखाशीर्ष काय, ते झोपेत सांगेल. ते असलं की काम मंजूर आहे. का आहे हे वरचे बघतील. प्रेरणेच्या बाजारात हा माल कुणी का विकत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. दर महिन्याला 'स्वतःला शोधा' म्हणण्यापेक्षा, या लोकांना एक शिक्का, एक जावक क्रमांक आणि कधीमधी एक कारणे दाखवा नोटीस दिली तर कितीतरी चॅनेलं बंद पडायची वाचतील.

या यशात एकच गोष्ट बिघडली. मामांच्या घरातला एकही नळ धड राहिला नाही. प्रत्येक व्हिडिओसाठी एकेक नळ सोडवायचा, उजेड नीट नव्हता म्हणून परत सोडवायचा, नात माईक लावायला विसरली म्हणून तिसऱ्यांदा. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या त्या मूळ नळाचेच आटे गेले. मामा एडिटिंगमध्ये होते. "दोन दिवसांत बघतो," म्हणाले. मामींनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी, मामा बँकेत गेलेत असं बघून, गुपचूप बाहेरून प्लंबर बोलावला.

मामा बँकेतून लवकर आले. ओट्यापाशी पंचविशीचा एक मुलगा पाना घेऊन उभा. घरात दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग त्या मुलानंच तोंड भरून म्हटलं, "काका, तुम्ही ते मेन कॉकवाले ना? मी बघतो तुमचे!"

मामांचा राग जागच्या जागी विरघळला. त्यांनी खुर्ची ओढली. गप्पांत निघालं की मुलाचंही चॅनेल आहे. प्लंबिंगवर? छे, बैलगाडा शर्यतींवर. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली तेव्हापासून दर रविवारी तो कुठल्या ना कुठल्या घाटावर असतो. सबस्क्रायबर? "ऐंशी हजार झालेत. लाख झाले की चांदीचं बटण येईल."

मामांनी खिशातली वही काढली. "हेतू काय ठेवला होतास सुरुवातीला?"

"काय?"

"हेतू. म्हणजे कशासाठी काढलंस?"

मुलानं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बैल लय पळत हुता, काका," तो म्हणाला. मामांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

"तुमचं चर्चासत्र संपलं की सांगा," मामी म्हणाल्या, "सकाळपासूनची भांडी पडलीत."

"हो काकू, लगेच," मुलगा म्हणाला. "मेन कॉक कुठंय?"

"अरे, त्यावर तर माझा पहिला व्हिडिओ आहे! स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून बोटानं दाखवलाय. बघितलायस म्हणालास ना?"

"बघितला की. जरा पळवत बघितला."

मामांनी चष्मा लावला, मोबाईल उघडला आणि त्याच्याजवळ सरकले. "कुठून पळवलास?" त्यांनी विचारलं. "नीट आठवून सांग, कितव्या सेकंदाला?"